वालपराईला आईबाबांना घेऊन कुणी गेलंय का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, डिसेंबरमध्ये आईबाबांना घेऊन ५ दिवस साउथला जायचंय. उटी, कोडाईकॅनालची गर्दी नको म्हणून वालपराई बघतेय, तमिळनाडूत अनामलाईच्या डोंगरात आहे, चहाचे मळे, सिंहपुच्छ माकडं, मळ्यात उतरणारे हत्ती. बाबा रिटायर झाल्यापासून पक्ष्यांच्या मागे असतात, हॉर्नबिल दिसला तर त्यांचं सोनं होईल.

प्रॉब्लेम घाटाचा. पोल्लाचीहून जाताना आळियार धरणानंतर तब्बल ४० हेअरपिन वळणं आहेत आणि आईला गाडी लागते, आंबेनळी घाटात ती पोलादपूरपर्यंत आमसूल चोखत डोळे मिटून माझा हात घट्ट धरून बसली होती, ते आठवलं की जीव कासावीस होतो. हळूहळू थांबत गेलो तर जमेल का? की मेट्टुपालयमवरून निलगिरीतलं कोटागिरी बरं?

कुर्ला-कोइंबतूर गाडीने पुण्याहून निघणार, पुढे टॅक्सी. मळ्यातला बंगला घ्यावा की गावात राहावं, अंधार पडल्यावर हत्तींमुळे बाहेर पडता येत नाही म्हणे? आणि परत येताना मलक्कापारावरून केरळातल्या अथिरापल्ली धबधब्याकडे उतरणं झेपेल का? वयस्कर माणसांना घेऊन गेलेल्यांनी प्लीज सविस्तर सांगा, आईची हौस खूप आहे हो.