मदत हवी आहे: एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिसनंतर स्मरणशक्ती कशी सावरते?

नमस्कार मंडळी. माझ्या भाचीला (वय २२) गेल्या वर्षी अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस (स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे मेंदूला येणारी सूज) झाला. आधी झोप उडाली, मग भास, संशय, असंबद्ध बोलणं. त्यामुळे मानसोपचार सुरू झाले. फिट्स आल्यावर पाठीतलं पाणी तपासलं, तेव्हा निदान झालं. मग उपचार झाले: स्टेरॉइड, आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं शिरेतून), शेवटी रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्तीच्या बी-पेशी कमी करणारं औषध). आता ती घरी आहे, हसते-बोलते, पण सकाळी वाचलेलं संध्याकाळी आठवत नाही.

शरीरातलीच प्रतिपिंडं मेंदूतल्या चेतापेशींच्या पृष्ठभागावरच्या एनएमडीए रिसेप्टरांना (संदेश घेणाऱ्या प्रथिनांना) चिकटतात आणि चेतापेशी ते आत ओढून घेतात, एवढं मला समजलं आहे. नव्या आठवणी पक्क्या व्हायला हेच रिसेप्टर लागतात. प्रतिपिंडं हटली की ते पुन्हा पृष्ठभागावर येतात, यावरच आमची सगळी आशा आहे. डॉ. जोसेप दाल्माऊ यांच्या गटाने २००७ मध्ये हा आजार उलगडला. २०१३ च्या ५७७ रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षांनी सुमारे ८१ टक्के रुग्णांची प्रकृती चांगली होती. म्हणजे सुधारणा सावकाश होते, हे मान्य.

तरी विचारते: कुणाच्या घरी हा आजार होऊन गेलाय का? अभ्यास पुन्हा कधी झेपला? स्मरणशक्तीसाठी नियमित सराव घेणारे न्यूरोसायकॉलॉजिस्ट पुणे-नाशिककडे कुणाला माहीत आहेत का? या आजारामागे कधी कधी बीजांडकोशातली गाठ असते, तिला ती नव्हती. तरी सोनोग्राफी तुम्ही किती काळ करत राहिलात? औषधं डॉक्टरच ठरवतील. मला अनुभव हवे आहेत. आणि कृपा करून बाहेरची बाधा, उतारे वगैरे सुचवू नका, तिच्या आईने ते फार ऐकलंय.