स्वागतकमान नको, आधी नळाला पाणी द्या

मुठाकाठ:
काल आपल्या पुण्याच्या सिंहगड रोड पट्ट्याच्या समूहावर ‘2035 ची धायरी-नांदेड-किरकटवाडी’ अशी यादी टाकली गेली. ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फाट्यावर भव्य स्वागतकमान, कालव्याकाठी सायकल ट्रॅक, डोंगराच्या पायथ्याशी संगीत कारंजं, उड्डाणपूल पार खडकवासल्यापर्यंत, आणि फाट्यावरचा आठवडे बाजार कायमचा बंद. त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली आहे. पाण्यावर त्यात एक ओळ नाही. सांडपाण्यावर अर्धीही नाही.

मला राग आला आणि तो मी लपवत नाही. जानेवारी 2025 विसरलात का हो सगळे? जीबीएसचे (गुलियन-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणारा आजार) सुरुवातीचे बहुतेक रुग्ण आपल्याच पट्ट्यातले होते. नांदेड, किरकटवाडी, धायरी, सिंहगड रोड ही नावं देशभर बातम्यांत होती. पुणे परिसरात रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली, माणसं दगावली. तेव्हा सगळ्यांना कळलं की इथलं पाणी शुद्धीकरण केंद्रातून येतच नव्हतं, विहिरीत घेऊन क्लोरीन टाकून सोडलं जात होतं. टँकर आणि खासगी आरओ केंद्रांच्या नमुन्यांतही दूषित पाणी सापडलं. माझ्या शेजारच्या घरातली मुलगी व्हेंटिलेटरवर होती. आज ती काठी घेऊन चालते. तिच्या आईला जाऊन सांगा, कारंजं येतंय म्हणून.

धरण उशाला आणि कोरड घशाला, अशी आपली गत आहे. माझी मागणी एकच: शुद्ध पाणी आणि ड्रेनेज लाइन पोचल्याशिवाय या पट्ट्यात एकाही नव्या इमारतीला भोगवटा पत्र, म्हणजे राहायला जाण्याची परवानगी, देऊ नका. बाकी सगळं त्यानंतर.

नवी_धायरी:
यादी माझी होती, म्हणून उत्तर देतो. ताई, पाण्याचा विषय महत्त्वाचा नाही असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पण या समूहावर कायम रडगाणंच चालतं. जरा पुढचं बघू या म्हणून लिहिलं. वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊन इथे घर घेतलंय. आपण राहतो ती जागा चांगली दिसावी असं वाटणं हा गुन्हा आहे का? बाणेर-बालेवाडीला हे सगळं मिळतं, कारण तिथले लोक मागतात.

आणि बाजाराचं म्हणाल तर ती ओळ मी मागे घेणार नाही. माझ्या वडिलांना छातीत दुखायला लागलं तो बाजाराचा दिवस होता. ॲम्ब्युलन्स फाट्यावर आली आणि अडकली. पुढे भाजीचे ढीग, मागे टेम्पो, मधे दुचाकी. मी खाली उतरून हात जोडत लोकांना बाजूला करत होतो. वडील वाचले, पण डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, हृदयाचा काही भाग गेला. ते अजून जिना चढू शकत नाहीत.

गावठाणातला:
तुमच्या वडिलांचं ऐकून वाईट वाटलं, मनापासून सांगतो. पण बाजार तुमच्या इमारतींच्या आधीपासून आहे. तेव्हा तो माळावर भरायचा. त्या माळावर आता तुमचं पार्किंग आहे. बाजार रस्त्यावर आला नाही, त्याला रस्त्यावर ढकललं.

माझी आई त्या बाजारात मेथी-कोथिंबीर विकायची. त्याच पैशातून माझी फी भरली. आजही डोणजे, खानापूर, गोऱ्हे इकडच्या बाया पहाटे माल घेऊन येतात. त्यांना मार्केट यार्डात नेणं परवडत नाही. हमाली, तोलाई, टेम्पोभाडं जाऊन हातात काय उरतं?

आणि पाण्याचं बोलताय तर तेही ऐका. आमच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी असायचं. तुमच्या सोसायट्यांच्या बोअरवेल खाली खाली जात गेल्या आणि आमच्या विहिरी आटल्या. आता त्याच विहिरींवरून टँकर भरून तुम्हालाच विकतात, आणि विकणारेही आमच्याच भावकीतले आहेत, हे मी लपवत नाही.

तिसरा_मजला:
विषय निघालाच आहे तर मिळकतकराचं कोण बोलणार? स्वतः राहत असलेल्या घराच्या 40 टक्के सवलतीसाठी पीटी-3 नावाचा अर्ज भरा, पुरावे जोडा, कार्यालयात द्या, मग पुढच्या बिलात ती सवलत गायब. परत तीच फेरी. कर शहराचा, सुविधा ग्रामपंचायतीच्याही खालच्या. धायरी 2017 ला महापालिकेत घेतली, नांदेड-किरकटवाडी-नऱ्हे-खडकवासला 2021 ला. सोसायटीचं टँकरचं वर्षाचं बिल मिळकतकरापेक्षा जास्त येतं. एकदा सगळ्यांनी मिळून कर भरणं थांबवलं पाहिजे.

गारमाळकर:
कर थांबवून व्याज वाढतं, बाकी काही होत नाही. खरा उपाय म्हणजे स्वतंत्र नगरपालिका. फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर पडलीच ना, 2024 मध्ये? आपण का नाही?

मुठाकाठ:
गारमाळकर, बाहेर पडून पाणी कुठून आणणार? मुळशीहून? आणि बाजारावर चर्चा नेऊ नका, मी पाण्याबद्दल लिहिलं होतं.

पाटबंधारे_निवृत्त:
नोकरी पाटबंधारे खात्यात गेली म्हणून दोन गोष्टी स्पष्ट करतो. पहिली, ‘धरण आपल्या उशाला’ म्हणून ते आपलं होत नाही. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला मिळून सुमारे 29 टीएमसी (अब्ज घनफूट) साठा. एक टीएमसी म्हणजे साधारण 2,831 कोटी लिटर. त्या पाण्यावर पुणे शहराबरोबर हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतीचाही हक्क आहे. महापालिका मंजुरीपेक्षा जास्त उचलते, हा जलसंपदा खात्याचा जुना आक्षेप आहे. तुम्ही इथे गाडी धुता तेव्हा दौंडकडच्या कुणाचं तरी आवर्तन, म्हणजे शेताला कालव्याचं पाणी मिळण्याची पाळी, लांबतं.

दुसरी, कालव्याकाठचा सायकल ट्रॅक. कालवा महापालिकेचा नाही, जलसंपदाचा आहे. भरावावर काय वजन पडतं, कडेला काय खोदलं जातं, याकडे दुर्लक्ष झालं की काय होतं ते 27 सप्टेंबर 2018 ला दांडेकर पुलापाशी पाहिलं. कालवा फुटला आणि शेकडो घरं पाण्यात गेली. खडकवासला ते फुरसुंगी बोगदा झाला तर कालव्याची जागा मोकळी होईल, तेव्हा ट्रॅकचं बघा. तोवर भरावाला हात लावू नका.

नवी_धायरी:
काका, कालव्याचं पटलं. ट्रॅक यादीतून काढतो. पण गाडी मी बादलीने पुसतो, तेवढं लक्षात असू द्या.

बेनकरवस्ती:
बाजाराचा मुद्दा कुणी टाळू नये. मी बाजाराच्या रस्त्यावरच राहते. रात्री बाजार उठला की मागे सडलेली भाजी, फोडलेले नारळ, प्लॅस्टिक. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना शाळेच्या बसपर्यंत त्यातून न्यायचं. गायी, कुत्री तिथेच. गावातल्या बायांचं पोट आहे हे मान्य, पण माझ्या दारात का? आणि खरं बोलायचं तर अर्ध्याहून जास्त गाळे आता शेतकऱ्यांचे नाहीत. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून माल आणणारे व्यापारी आहेत, चपला आणि मोबाइलची कव्हरं विकणारे आहेत. त्यांच्याकडून जागेचे पैसे कोण घेतं, हे गावठाणातल्यांनी सांगावं.

गावठाणातला:
हे बोलणं जपून करा. गावावर बोट दाखवायचं आणि सोसायटीवाल्यांनी स्वच्छ राहायचं, हे चालणार नाही. तुमच्या सोसायटीचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प) चालू आहे का? मागच्या ओढ्याला जो फेस येतो तो कुठून येतो? रात्री मैला टँकर ओढ्यात कोण रिकामे करतं? आमच्या पोरांनी टँकर अडवला तेव्हा तुमच्यातलं कुणी खाली आलं नाही. त्याच ओढ्याच्या कडेला आमची विहीर आहे.

बेनकरवस्ती:
आमचा एसटीपी बंद आहे. बिल्डरने चालू करून दाखवला, ताबा दिला आणि गेला. चालवायला महिन्याला जे पैसे लागतात ते द्यायला सभासद तयार नाहीत. मी सभेत भांडले, माझ्या बाजूने दोन हात वर झाले. आता तुम्हीच सांगा, मी एकटीने काय करू? पण त्यामुळे माझ्या दारातला कचरा योग्य ठरत नाही.

तिसरा_मजला:
बाजार हटवा म्हणणाऱ्यांनी आधी दहा मिनिटांत भाजी पोचवणाऱ्या पोरांच्या दुचाकी मोजाव्यात. गेटसमोर त्यांचीच गर्दी असते.

नवी_धायरी:
तिसरा_मजला, ती पोरं ॲम्ब्युलन्स अडवत नाहीत. तुमच्या घरातलं माणूस आत असतं तर असं लिहिलं असतं का? इतकं सोपं आहे का हे सगळ्यांना?

तिसरा_मजला:
माझ्या घरातलं माणूस गेलंय. टँकरच्या चाकाखाली. बाजारात नाही, चकचकीत डांबरी रस्त्यावर, कारण फूटपाथ नव्हता. तेव्हा मला शिकवू नका.

मुठाकाठ:
दोघांनीही थांबा, हात जोडते. आपण सगळे एकाच रस्त्यावर आपली माणसं गमावतोय. तिसरा_मजला यांनी सांगितलं तेच मला पुलाबद्दल म्हणायचं होतं. राजाराम पूल ते फनटाइम उड्डाणपूल 2025 मध्ये पूर्ण सुरू झाला. गाड्या वेगाने फाट्यापर्यंत येतात आणि इथे तुंबतात. खडकवासला-स्वारगेट मेट्रोला केंद्राची मंजुरी मिळाली आहे. उद्या स्टेशन झालं तर तिथवर चालत कसं जाणार? फूटपाथशिवाय मेट्रो म्हणजे पुन्हा दुचाकी आणि पुन्हा पार्किंग.

पाटबंधारे_निवृत्त:
बाजारावर कायदा काय म्हणतो ते ऐका, मग भांडा. पथविक्रेत्यांचा 2014 चा कायदा आहे. त्यात सर्वेक्षण, नोंदणी, नगर पथविक्रेता समिती आणि विक्रीची ठरलेली ठिकाणं आहेत. नोंदणी न करता हटवणंही चूक आणि हवं तिथे बसू देणंही चूक. पण प्रश्न जागेचा आहे, आणि जागा का नाही? कारण डिसेंबर 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीने 20,000 चौरस मीटरपेक्षा लहान भूखंडांना सुविधा क्षेत्र, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठीची जागा, सोडण्यातून सूट दिली. आपल्याकडचे बहुतेक प्रकल्प त्याहून लहान. म्हणजे ना मैदान, ना दवाखाना, ना मंडई. जी थोडी क्षेत्रं आधी ताब्यात आली तीसुद्धा भाड्याने देण्याचा प्रस्ताव 2021 मध्ये आला होता. माझ्या मते हेच सगळ्याचं मूळ आहे आणि यावर इथे कुणी अवाक्षर काढत नाही.

गारमाळकर:
म्हणूनच म्हणतो, स्वतःची नगरपालिका असती तर…

गावठाणातला:
नगरपालिका नको. आमची ग्रामसभा होती तेव्हा सरपंचाला सगळ्यांसमोर उभं करून विचारता यायचं. गावं महापालिकेत गेली आणि मार्च 2022 पासून जानेवारी 2026 पर्यंत नगरसेवकच नव्हते. ना सरपंच ना नगरसेवक, प्रशासकाच्या दारात चकरा. आता निवडून आलेत तर त्यांना क्षेत्रसभा, म्हणजे त्या भागातल्या मतदारांची सभा, घ्यायला लावू. कायद्यात तरतूद आहे, पण घेतंय कोण? गाव आणि सोसायट्या एकाच मांडवात बसल्याशिवाय हे सुटणार नाही. बेनकरवस्तीच्या ताईंनी एसटीपीचं खरं सांगितलं, म्हणून मीही सांगतो. हो, बाजारात जागेचे पैसे घेतले जातात. घेणारे गावातलेच आहेत. ते बंद व्हायला हवं.

बेनकरवस्ती:
एवढं तुम्ही कबूल केलंत हेच खूप. माझं मत बदललेलं नाही, बाजार माझ्या दारातून उठलाच पाहिजे. पण शेतकरी बायांना जागा मिळत असेल तर सहीला मी येईन.

मुठाकाठ:
मग कामाचं बोलू. महापालिकेत 2006 पासून नागरिकांच्या सूचनांचं अंदाजपत्रक आहे, एका कामासाठी 5 लाखांपर्यंत. त्यात फूटपाथचा तुकडा, दिवे, बाजारासाठी पत्र्याची शेड एवढंच बसतं. पाणी आणि ड्रेनेज त्यात बसणार नाही, त्यासाठी क्षेत्रसभेत भोगवटा पत्राचा ठराव लागेल. किती सोसायट्यांचे एसटीपी बंद आहेत त्याची यादी आपणच करायची. सुरुवात माझ्या सोसायटीपासून करते. आमचा चालू आहे, पण रात्री बंद ठेवतात, आणि वॉचमनला विचारलं की तो मान खाली घालतो.

नवी_धायरी:
यादीत कमान आणि कारंजं तळाला टाकतो. खोडणार नाही. पाणी पहिल्या ओळीवर. बाजारासाठी माझी अट आहे: जागा कुठलीही ठरो, मधून ॲम्ब्युलन्स जाईल एवढी गल्ली मोकळी आणि ती चुन्याने आखलेली. हे लेखी असेल तरच सही.

गावठाणातला:
गल्लीचं मान्य. चुना आम्ही आणतो. पण जागा फाट्यापासून चालत जाण्याएवढीच पाहिजे. पार डोंगराच्या पायथ्याला नेऊन टाकली तर बाया डोक्यावर पाटी घेऊन कशा जाणार?

तिसरा_मजला:
आणि पीटी-3 चं कोण बघतंय?