बोअरच्या पाण्यात लोह ३.२. पंधरा हजारांत काय बसवू?

माडबाग:
कुडाळ तालुका, जांभ्याचा सडा. बोअर २१० फूट, केसिंग (बोअरच्या भिंतीला आधार देणारा बाहेरचा पाइप) लोखंडी, आतला पाइप जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा. रिपोर्ट : एकूण लोह ३.२ मिग्रॅ/लिटर, पीएच ६.१ (७ च्या खाली म्हणजे आम्ल), टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ९०. काढताना पाणी काचेसारखं, दुसऱ्या दिवशी पिवळं, बादलीच्या तळाला तांबूस गाळ. चहा काळपट होतो. चार माणसं, रोज ६०० लिटर. बजेट १५,०००, त्यावर नाही. आवारात ३० फुटांची जुनी बांधीव विहीर आहे, गाळाने भरलेली.

घाटमाथा:
आयर्न रिमूव्हल प्लांटच घ्या. १० बाय ५४ इंचांची एफआरपी (फायबरची) टाकी, आत लोह अडवणारी मॅंगनीज डायऑक्साइडची मीडिया, म्हणजे गाळायचे दाणे, आणि ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह. आमचा तीन वर्षं बिनतक्रार चाललाय. पंधरात काही होत नाही, चाळीस-पंचेचाळीस धरा.

चिरेखाण:
पीएच ६.१ ला ती मीडिया नीट काम करणार नाही. पाण्यात विरघळलेलं फेरस लोह ऑक्सिजन लागून न विरघळणारं फेरिक झालं तरच त्याचा गाळ होऊन फिल्टरमध्ये अडकतं, आणि पीएच एका अंकाने वाढला की तो वेग साधारण शंभरपट होतो. ६ ला खूप तास लागतात, साडेसातला काही मिनिटं. १ मिग्रॅ लोहाला ऑक्सिजन फक्त ०.१४ मिग्रॅ लागतो, म्हणजे अडचण हवेची नाही, आम्लतेची आहे. आधी पाणी शॉवरमधून टाकीत पाडा, कार्बन डायऑक्साइड उडून पीएच थोडा चढतो. मग संगमरवराची २–४ मिमी चुरी, मग वाळू. चुरीवर लोहाचा लेप बसला की ती विरघळायची थांबते, त्यामुळे उलटं पाणी सोडून धुणं टाळू नका.

स्वच्छपाणी:
आरओ लावा, विषय संपला.

चिरेखाण:
टीडीएस ९० ला आरओ कशाला? तो क्षार काढायला असतो. वर लोह त्याच्या मेम्ब्रेनवर (गाळणाऱ्या पडद्यावर) बसून ती चोंदते.

सुरंगी:
तुरटी फिरवा, स्वस्तात काम.

चिरेखाण:
तुरटीने पीएच आणखी उतरतो. विरघळलेलं लोह तिला सापडत नाही, नुसता गढूळपणा बसतो.

नळकाम:
सगळे फिल्टरवर भांडताय. लोह खडकातलं की पाइपातलं, हे आधी बघा. आम्ल पाणी लोखंडी केसिंग खातं. रात्रभर पंप बंद ठेवून पहिली बाटली भरा, अर्धा तास चालवून दुसरी. पहिलीत भरपूर आणि दुसरीत फारच कमी आलं, तर पाइप बदला, फिल्टर नको. बाटलीत नायट्रिक आम्ल हवंच, प्रयोगशाळेतून घालून मागा. नाहीतर लोह बाटलीच्या भिंतीला चिकटतं आणि आकडा खोटा कमी येतो.

घाटमाथा:
पाइप कसला, जांभा म्हणजेच लोह. कोकणात हे असणारच.

नळकाम:
जांभ्यातलं लोह फेरिक, ते पाण्यात जवळपास विरघळत नाही. ऑक्सिजन संपला की विरघळतं : भातखाचराखाली, कुजलेल्या पालापाचोळ्याखाली, शोषखड्ड्याजवळ. म्हणून बंद बोअरला त्रास आणि पन्नास पावलांवरच्या उघड्या विहिरीला नाही, असं पुष्कळदा दिसतं.

सुरंगी:
मर्यादा ०.३ आहे ना? म्हणजे दहापट!

नळकाम:
पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०१२ ला ०.३ मिग्रॅ/लिटर होती, २०१५ च्या दुरुस्तीने १.० झाली. तुमचं तिप्पट.

लाटालाट:
कपड्यांवरच्या तांबूस डागांना ब्लीच कोणी लावू नका, डाग पक्के होतात. लिंबू किंवा ऑक्झॅलिक आम्ल लावा.

आळेपाणी:
टाकीत तेलासारखा तवंग आहे का? काडीने हलवा. काचेसारखे तुकडे पडले तर लोहजीवाणू, परत जुळला तर तेल. जीवाणू असतील तर बोअरला क्लोरीनचा डोस द्या. साडेसहा इंची बोअरमध्ये मीटरला सुमारे २१ लिटर पाणी. पाण्याच्या ५० मीटर उंचीला १०० मिग्रॅ/लिटर क्लोरीन धरून ३३ टक्क्यांची ताजी ब्लीचिंग पावडर सव्वातीनशे ग्रॅम. बादलीत कालवून निवळी ओता, गाळ नको. २४ तास ठेवा, मग वास जाईपर्यंत उपसा, ते पाणी झाडांना घालू नका.

घाटमाथा:
एवढ्या खटपटीपेक्षा प्लांट बरा. परत सांगतो.

माडबाग:
सगळ्यांचे आभार. दोन्ही बाटल्या तपासून आल्या : पहिली ३.४, दुसरी २.९. म्हणजे पाइप नाही, पाणीच तसं. पण विहिरीचं पाणी ०.२ आलं. फिल्टर घेत नाही. चैत्रात विहिरीचा गाळ काढतो, वर जाळी बसवतो, अर्धा एचपीचा पंप टाकतो, मग जीवाणू तपासणी करून प्यायला तेच. बोअर माड-सुपारीला.

आळेपाणी:
मग माड-सुपारीला ठिबक लावू नका. दीड मिग्रॅच्या वर लोह असलं की ड्रिपर चोंदतात. पाइपाने आळ्यात सोडा.