ब्रिस्बेनला दहा दिवस, सोबत आईबाबा. थीम पार्क नको, जंगल हवं

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, भावाकडे ब्रिस्बेनला चाललोय. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि माझे आईबाबा. भाऊ गोल्ड कोस्टच्या थीम पार्कांची तिकिटं काढायला टपून बसलाय. मी म्हटलं, थांब जरा. आकाशपाळण्यात बसायला नाशिकहून एवढ्या लांब कशाला यायचं?

आमचं घर पाखरांमागे फिरणारं आहे. नांदूरमध्यमेश्वरला दर हिवाळ्यात जातो आणि लेक पक्ष्यांची वही ठेवते. अडचणी तीन. बाबांचा (७२) उजवा गुडघा उतारावर दगा देतो. आईला मांस भाजलेला तवा चालत नाही. आणि नेटवर बघावं तर 'पंचवीस ठिकाणं पाहाच' छापाच्या याद्या, सगळ्या एकमेकींच्या नकला. तिथे राहणाऱ्या कुणी सांगाल का, खरंच काय करावं? मगरी-सापांची भीतीही आईच्या डोक्यात पक्की बसलीय.

घाणेरीशत्रू

गोदाकाठ ताई, चौदा वर्षं इथे आहे, मूळचा वाईचा. दर महिन्याला एका रविवारी इथल्या ओढ्याकाठी घाणेरी उपटायला जातो. होय, तीच आपली टणटणी. सह्याद्रीत जिने जीव नकोसा केला, ती इथेही आधीच येऊन बसलेली. तर एवढ्या अधिकाराने सांगतो.

दहा दिवसांत दहा ठिकाणं करू नका. भावाच्या घरून रोज सकाळी निघायचं आणि रात्री परतायचं, हा इथल्या पाहुण्यांचा ठरलेला कार्यक्रम असतो. त्यात जंगल दिसतं ते भर दुपारी, जेव्हा सगळं झोपलेलं असतं. दोन मुक्काम करा: तीन रात्री लॅमिंग्टनच्या डोंगरात आणि दोन रात्री मिंजेरिबा बेटावर. बाकीचे दिवस भावाचे.

लॅमिंग्टन नॅशनल पार्क ब्रिस्बेनहून दोनेक तासांवर आहे. शेवटचा घाट अरुंद आणि वळणावळणांचा, आईंना गाडी लागत असेल तर आलेपाक जवळ ठेवा. वर ग्रीन माउंटन्स आणि बिना बरा असे पार्कचे दोन भाग आहेत, दोन्हीकडे राहायची सोय आहे. बाबांसाठी ग्रीन माउंटन्स बरं, कारण तिथे लाकडी फळ्यांची सपाट वाट आहे आणि झाडांच्या शेंड्यांतून जाणारे नऊ झुलते पूल. निघण्याआधी कुठली वाट बंद आहे ते पार्कच्या संकेतस्थळावर बघा. पावसाळी वादळानंतर वाटा महिनोन् महिने बंद राहतात.

हे जंगल २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीच्या एका प्रचंड ज्वालामुखीच्या कडेवर उभं आहे. जागतिक वारसा यादीत त्याचं नाव 'गोंडवाना रेनफॉरेस्ट्स' असं आहे, आणि तो गोंडवाना शब्द आपल्या गोंडवनावरूनच गेलेला. लेकीला नकाशावर चंद्रपूर-गडचिरोली दाखवून मग इथे आणा. वडासारख्या पारंब्या सोडून दुसऱ्या झाडाला गिळून टाकणारे फिग बघितले की तिला काही समजवावं लागणार नाही, उंबराच्या घराण्यातलेच ते.

आता खरी गोष्ट. पहाटे पाचला इथे लख्ख उजाडतं. (तेव्हा तुमच्या शरीराच्या घड्याळात रात्रीचा साडेबाराच वाजलेला असेल, म्हणून पहिले दोन दिवस भावाकडेच काढा. डोंगरात आल्याआल्या झोपा काढण्यात अर्थ नाही.) उजाडताना व्हिपबर्ड ऐकू येतो. नर लांब शीळ ताणत नेतो आणि चाबूक फुटावा तसा आवाज काढतो, त्यावर लगेच मादी दोन स्वरांत उत्तर देते. मी तीन वर्षं तो एकाच पक्ष्याचा आवाज समजत होतो. दिवस मावळताना गवतावर पॅडीमेलन येतात. कांगारूच्या जातीतले, पण सशाचे थोरले भाऊ वाटावेत एवढेच.

आणि तुमच्या वहीवाल्या लेकीसाठी सॅटिन बाउअरबर्ड. ऑक्टोबर म्हणजे त्यांचा ऐन हंगाम. काळानिळा नर जमिनीवर काटक्यांच्या दोन समांतर भिंती उभारतो आणि पुढ्यात निळ्या वस्तू मांडतो. पोपटांची निळी पिसं, फुलं, आणि हल्ली बाटल्यांची निळी झाकणं, कपड्यांचे चिमटे. ते घरटं नव्हे, फक्त मादीला दाखवायचा दिवाणखाना. अंडी घालायला ती बिचारी दुसरीकडे झाडावर स्वतःच घरटं बांधते. माझ्या पुतणीच्या केसांतली निळी क्लिप खाली पडली, आम्ही चहा पिऊन येईपर्यंत गायब! शोधून परत आणायचं धाडस कुणी केलं नाही. झाकणाखालच्या प्लास्टिकच्या कड्या मात्र कापल्याशिवाय कुठेच टाकू नका, पाखरांच्या मानेत अडकतात.

मगरी इथे नाहीत, त्या बऱ्याच उत्तरेला. साप आहेत, पण वाटेवर पाय आपटत चाललं की ते आधीच निघून जातात. मला विचाराल तर भीती एका झाडाची बाळगा. स्टिंगिंग ट्री, पान मोठं, हृदयाच्या आकाराचं, बरेचदा किड्यांनी भोकं पाडलेलं. आपली खाजकुयरी त्यापुढे गरीब गाय. दुखणं आठवडेच्या आठवडे जात नाही. लेकीला पहिल्याच दिवशी ते पान लांबून दाखवून ठेवा.

बेटाबद्दल रात्री लिहितो, आत्ता कामावर जायचंय.

पेणचा_भटक्या

मिंजेरिबा कशाला? एवढं जाताय तर क'गारी करा! आधी फ्रेझर आयलंड म्हणायचे, २०२३ मध्ये मूळ नाव परत मिळालं. जगातलं सगळ्यात मोठं वाळूचं बेट, आणि निव्वळ वाळूत उगवलेलं दाट जंगल. मॅकेन्झी तलावाचं पाणी इतकं स्वच्छ की उतरल्यावर आपलीच नखं मोजावीत. आम्ही हर्वी बेहून एका दिवसाची बससहल केली होती. शाकाहारी जेवण आधी सांगितलं होतं, तरी पुढ्यात आलं ते सॅलड आणि पाव. सोबतच्या दशम्यांनी वाचवलं.

घाणेरीशत्रू

भटके, बेट अप्रतिम आहे, वाद नाही. पण हर्वी बे ब्रिस्बेनहून साडेतीन-चार तास, पुढे बोट, आणि मग वाळूतल्या वाटांवरून अशा बसमध्ये दिवसभर हाडं खिळखिळी. ७२ वर्षांचा गुडघा मध्ये घ्या आणि परत सांगा. गोदाकाठ ताई एकट्या नवऱ्याबरोबर असत्या तर मीच पाठवलं असतं.

मिंजेरिबा म्हणजे नकाशावरचं नॉर्थ स्ट्रॅडब्रोक. क्वांडामूका या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचं बेट. क्लीव्हलंड बंदरातून गाडी बोटीवर चढवायची, पाऊण तासात पलीकडे. पॉइंट लुकआउटला 'नॉर्थ गॉर्ज वॉक' नावाची सव्वाएक किलोमीटरची वाट आहे, बरीचशी फळ्यांची, थोड्या पायऱ्या. कठड्याला टेकून उभं राहायचं आणि खाली बघायचं. कासवं श्वास घ्यायला वर येतात, डॉल्फिन असतात, कधी मांटा रे नावाचा मोठा चपटा मासा पंख पसरून जाताना दिसतो. आणि देवमासे. हंपबॅक जूनपासून अंटार्क्टिकाकडून उत्तरेला जातात आणि पिल्लं घेऊन परत फिरतात. ऑक्टोबरअखेर म्हणजे त्या परतीचं शेपूट, रोज दिसतीलच असं नाही, पण आई-पिल्लू दिसायची आशा ठेवायला हरकत नाही. दुर्बीण आणाच. बोटीच्या सफरीपेक्षा मला हे आवडतं: उलट्या नाहीत, पैसे नाहीत, आणि कंटाळा आला की मागे वळून आइस्क्रीम.

समोरच्याच मोरेटन बेटावर, टँगालूमाला, १९५२ ते १९६२ देवमासे कापायचा कारखाना होता. मासेच उरले नाहीत म्हणून तो बंद पडला. आज तिथे रिसॉर्ट आहे. इथून जाणारा प्रत्येक हंपबॅक मला त्यामुळे जरा जास्तच बरा वाटतो.

बेटावर ब्राउन लेक आहे, पाणी थेट कोऱ्या चहाच्या रंगाचं. झाडांच्या पाला-सालीतून रंग उतरतो, घाण नव्हे. आई बहुतेक पाय घालायला कचरतील. समुद्रात मात्र जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचं, गुडघाभर पाण्यातसुद्धा. ह्यात माझं ऐकाच. आपण कृष्णेकाठचे म्हणून पोहता येतं ह्या भ्रमात मी एकदा ओढला गेलो होतो.

तव्याचा प्रश्न: इथे जवळपास प्रत्येक बागेत फुकटचे विजेचे बार्बेक्यू असतात, मोठा सपाट तवा. त्यावर आधी लोकांनी काय भाजलंय ते विचारू नका. दुहेरी फॉइल अंथरायचं आणि वर थालीपीठ. माझी आई सुरुवातीला तोंड फिरवून बसली होती, तिसऱ्या दिवशी तीच पीठ भिजवून डब्यात घेऊन निघाली. मुक्काम मात्र स्वयंपाकघर असलेल्या खोलीतच करा.

विमानतळावर खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करायची, भाजणीसकट. ताजी फळं, बिया, कढीपत्ता आणूच नका. बुटांचे तळवे घासून या, नांदूरमध्यमेश्वरचा चिखल त्यांना नकोय.

कोकीळव्रत

मेलबर्नहून, पण चार वर्षं ब्रिस्बेनला काढलीत. एक गंमत कुणी सांगितली नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथे उत्तरेकडून कोएल येतो, म्हणजे आपल्या कोकिळेचाच चुलतभाऊ. तसाच काळा, तसेच लाल डोळे, तशीच दुसऱ्याच्या घरट्यात अंडी. पहाटे चारला 'कुओऽऽ' सुरू करतो. शेजारचे ऑस्ट्रेलियन वैतागून पोलिसांना फोन करायच्या बेतात असतात आणि मी गादीवर पडून रडत होते, घर सोडून दोनच महिने झाले होते. नाशिककरांना पहिल्याच रात्री भेटेल. शिवाय शहरभर जकरंदा फुललेला असेल, त्यासाठी कुठे जावंही लागत नाही.

काजवे? ग्लो-वर्म?

घाणेरीशत्रू

अरे हो, बरी आठवण केलीत. स्प्रिंगब्रूकला नॅचरल ब्रिज म्हणून जागा आहे, धबधबा गुहेच्या छतातूनच आत कोसळतो. अंधार पडला की छतावर निळसर ठिपके उजळतात. पण भंडारदऱ्याच्या काजव्यांशी ह्यांचं नातं नाही. काजवा हा भुंगेरा, आणि हे एका चिलटाच्या जातीचे अळ्या-किडे. छताला चिकट धागे टांगून ठेवतात आणि उजेडाला भुललेले कीटक त्यात अडकवून खातात. म्हणजे लुकलुकणं नाही, स्थिर, गप्प उजेड. बॅटरी किंवा मोबाइल त्यांच्यावर धरला की ते विझतात. भंडारदऱ्याला जूनमध्ये गाड्यांचे हेडलाइट सोडून काजवे शोधणारी मंडळी आठवली की इथे मी आपसूक कुजबुजत बोलतो.

वाट किलोमीटरभराचीच, पण पायऱ्या आहेत आणि रात्रीच्या ओल्या असतात. बाबांना जमेलसं वाटत नसेल तर टॅम्बोरीन माउंटनवर एका वायनरीच्या आवारात मुद्दाम बांधलेली गुहा आहे, तिकीट काढून, सपाट जमिनीवरून. नकली छत, पण किडे अस्सल. मी आधी नाक मुरडलं होतं. वडिलांना नेलं आणि गप्प बसलो.

गोदाकाठ

किती दिलंत सगळ्यांनी! ठरलं: ग्रीन माउंटन्सला तीन रात्री, मिंजेरिबाला दोन. भावाला हा धागाच पाठवला, त्याचं उत्तर आलं, 'मी सहा वर्षं इथे आहे, ह्यातलं एकही पाहिलं नाही.' आता तोही रजा टाकतोय.

एकच विचारायचं राहिलं. तिथे जळवा असतात का? आणि बाबा विचारतायत, हे लॅमिंग्टन म्हणजे आपल्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवालेच का? ७८ साली त्यांनी तिथूनच रेडिओचे सुटे भाग आणले होते.

घाणेरीशत्रू

तेच! लॉर्ड लॅमिंग्टन १८९६ ते १९०१ क्वीन्सलंडचा गव्हर्नर होता आणि १९०३ पासून मुंबईचा. इथल्या जंगलाला नाव १९१५ मध्ये दिलं. पुढे १९४० मध्ये लंडनला उधमसिंगांनी ओडवायरवर गोळ्या झाडल्या तेव्हा हा व्यासपीठावरच होता, हाताला गोळी लागली. बाबांना सांगा, इथे सुटे भाग मिळत नाहीत, पण त्याच नावाचा नारळाचा कीस लावलेला चॉकलेटी केक बेकऱ्यांत मिळतो.

जळवा पाऊस पडला की असतात, सह्याद्रीतल्यासारख्याच, निरुपद्रवी. गोचिडी मात्र जपा. त्यातली एक जात विषारी आहे. संध्याकाळी आंघोळीआधी मानेमागे, कानामागे, काखेत बघायचं, लेकीचे केस नीट विंचरायचे. लांब मोजे, पँट मोज्यात खोचलेली, वर कीटकांचा स्प्रे. फोटोत वाईट दिसतं.

गोदाकाठ

बाबा म्हणतायत केक नको, पण त्या नावाच्या पाटीखाली फोटो काढायचाच. गुडघ्याचा पट्टा आजच मागवलाय. लेकीने बाउअरबर्डसाठी निळं झाकण पिशवीत टाकलं होतं, ते काढून ठेवायला लावलं. ती रुसून बसलीय.