हिटर लावला की मीटर पळतं: ग्वाल्हेरची थंडी, तुमचे अनुभव

लश्करवाली
आज सकाळी गल्लीत रुई पिंजणाऱ्याचा ठेला आला. आता मशीन असतं, घर्रर्र करतं. पण मला ऐकू आली ती जुनी टंग टंग टंग. आजीच्या वेळी पिंजारी अंगणातच बसायचा आणि दिवसभर कापूस उडायचा. आम्ही मुलं शिंकत शिंकत तिथेच घुटमळायचो.

घर तेच आहे, दगडी, वर पटियांचं म्हणजे दगडी फरशांचं छत. मे महिन्यात तवा आणि जानेवारीत बर्फाची लादी. मागच्या जानेवारीत सासूबाईंसाठी एक हिटर बैठकीत आणि एक मुलाच्या अभ्यासाला, असे दोन चालवले. बिल बघून हे दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. खोली तरी गरम झाली का? छे. हिटरकडे तोंड केलं की पाठ गार, पाठ केली की नाक गार.

आजी काय करायची ते मग आठवत बसले. संक्रांत होईपर्यंत वरचा मजला बंद. नऊच्या नऊ माणसं माजघरात. खाली आधी गवताची चटई, वर सतरंजी, वर गाद्या. दाराच्या फटीला जुन्या लुगड्याची वाळू भरलेली लांबट पिशवी, तिला आम्ही अजगर म्हणायचो. सकाळी बंब पेटला की आंघोळी उरकेपर्यंत कोणाला थंडी आठवायची नाही. विजेचा खर्च म्हणाल तर दोन बल्ब.

तर सांगा, तुमच्याकडे काय करता? जुनं, नवं, फसलेलं, सगळं चालेल.

कंपू ते कोथरूड
इथे पुण्यात १२ झालं की लोक स्वेटरचे फोटो टाकतात. मी गप्प बसतो. ग्वाल्हेरला ४ अंशात कोहऱ्यातून सायकलवर शाळेत गेलेल्या माणसाने काय बोलावं

जिन्सी नाला नं. २
अजगर!!! आमच्याकडे पण होता. आमच्या मांजरीने फाडला, वाळू सगळ्या घरभर

रिटायर्ड जेई
लश्करवाली ताई, आजीचा हिशेब पक्का होता. माणूस नुसता बसला तरी साधारण १०० वॅट उष्णता देतो, झोपेत थोडी कमी. नऊ माणसं एका खोलीत म्हणजे एक छोटा हिटर, तोही फुकट.

आता बिलाचं. १००० वॅटचा हिटर तासाला १ युनिट खातो. रोज ४ तास धरा, महिन्याचे १२० युनिट. नेहमीचा वापर ११० असेल तर झाले २३०. आपल्या मध्य प्रदेशात १५० च्या आत राहिलं तर पहिले १०० युनिट १०० रुपयांत मिळतात, वर गेलं की ती सवलत त्या महिन्यापुरती संपली. म्हणजे मार दोन बाजूंनी. जेई म्हणजे ज्युनियर इंजिनियर होतो तेव्हा दर फेब्रुवारीत लोक भांडायला यायचे की मीटर खराब आहे. मीटर बिचारं बरोबरच असायचं.

आणि ती "कमी विजेत जास्त गरम" वाली जाहिरात विसरा. साधा असो की महागडा, १००० वॅट म्हणजे १००० वॅटच. सळई लाल होते तो असो, तेल भरलेला असो, पंखेवाला असो, १ युनिटला उष्णता १ युनिटचीच. फरक इतकाच की लाल सळईवाला समोरच्याला शेकतो आणि पंखेवाला हवा गरम करतो. उंच छताच्या घरात गरम हवा वर जाऊन बसते आणि तुम्ही खाली कुडकुडता. दगडी घराला पंखेवाला घेऊच नका.

लश्करवाली
काका, दोन्ही पंखेवालेच होते :(

सिटी सेंटर तिसरा मजला
आम्ही हॉट अँड कोल्ड एसी घेतला. बिल हिटरपेक्षा कमीच आलं, खोटं नाही सांगत

रिटायर्ड जेई
येणारच. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरची ओढून आत आणतो. म्हणून १ युनिट विजेत ३ युनिटपर्यंत उष्णता मिळू शकते. फार थंडी पडली की हे प्रमाण घसरतं. पण तुमचा फ्लॅट आहे, खिडक्या नीट लागतात. लश्कर भागातल्या जुन्या वाड्यात तोच एसी लावला तर रस्ता गरम होईल.

मुरारचा
हसू नका, एक गंभीर सांगतो. १०-१२ वर्षं झाली. वीज गेली म्हणून वडिलांनी कोळशाची शेगडी खोलीत घेतली, दार खिडकी बंद. धूर नव्हता, निखारे छान लाल होते म्हणून कोणाला काही वाटलं नाही. रात्री धाकट्या बहिणीला उलटी झाली, आई उठली तर तिलाच उभं राहवेना. तिने रांगत जाऊन दार उघडलं. बहीण उलटी करायला उठली नसती तर आज मी हे लिहीत नसतो. निखाऱ्यांतून निघणाऱ्या त्या विषारी वायूला (कार्बन मोनॉक्साइड) वास नाही रंग नाही. पैसे वाचवायला काहीही करा, शेगडी बंद खोलीत नको. अंगणात शेका, मग आत या.

लश्करवाली
बाप रे. अंगावर काटा आला. आई बऱ्या आहेत ना आता?

मुरारचा
हो हो मस्त. अजून रात्री झोपायच्या आधी सगळे झरोके तपासते. आम्ही वैतागतो पण तिला काही बोलत नाही

दौलतगंजची सून
आमच्याकडे आजेसासूबाई बंबातले निखारे शेगडीत घ्यायच्या पण शेगडी कायम ओसरीवर. उंबऱ्याच्या आत येऊ द्यायच्या नाहीत. मला वाटायचं सोवळं आहे काही. आता कळलं.

बडोद्याची माहेरवाशीण
लग्न होऊन ग्वाल्हेरला आले तेव्हा सामानात एक शाल होती. एक! बडोद्यात तेवढीच लागते. पहिल्या डिसेंबरला सासऱ्यांनी न बोलता स्वतःची बंडी आणून दिली. तीन वर्षं वापरली मी ती.
बाकी माझा अनुभव गिझरचा. आम्ही तो सकाळी ५ ला लावून ९ ला बंद करायचो. आता प्रत्येकाच्या आंघोळीआधी १५-२० मिनिटं, बस्स. आणि शॉवर बंद, बादली.

रिटायर्ड जेई
बरोबर. १५ लिटर पाणी १५ अंशांवरून ४५ वर न्यायला अर्ध्या युनिटपेक्षा जरासं जास्त लागतं. बाकीची वीज उगाच पुन्हा पुन्हा गरम करण्यात जाते.

पाटणकर बाजार
आमचे बाबा ७४ वर्षांचे, रोज गार पाण्याने आंघोळ. खर्च शून्य. पण मोठ्याने गंगालहरी म्हणतात, शेजारी उठतात

बडोद्याची माहेरवाशीण
हाहा शेजाऱ्यांचं अलार्मचं सेल वाचतं

मिशिगनवाला
ग्वाल्हेरचाच, नया बाजार. इथे गॅसची भट्टी तळघरात, पूर्ण घर गरम होतं. पहिल्या वर्षी दिवसरात्र २४ अंश ठेवलं आणि टीशर्टमध्ये हिंडलो. बिल आलं आणि आजीची आठवण आली. आता दिवसा २०, रात्री १६ आणि जाड पांघरूण. इथलं ऊर्जा खातं सांगतं की रोज ८ तास ७ ते १० अंश फॅरेनहाइट उतरवलं तर वर्षाचा खर्च १० टक्क्यांपर्यंत वाचतो. खिडक्यांना प्लास्टिकची पातळ फिल्म लावून केस वाळवायच्या यंत्राने ताणून बसवतो, मधे हवा अडकते. गंमत म्हणजे घरात मी स्वेटर घालतो म्हणून बायको म्हणते ग्वाल्हेर काही सुटत नाही तुझं

कंपू ते कोथरूड
नया बाजारात कुठे रे? गणपतीच्या देवळाजवळ?

मिशिगनवाला
नाही, मागच्या गल्लीत, पिठाची चक्की होती तिथे. अजून आहे का?

दौलतगंजची सून
चक्की गेली. मोबाइलचं दुकान झालं

मिशिगनवाला
अरेरे

इंदूरकर
इंदूरला एवढी नसते थंडी. सकाळी पोहे जिलेबी खाल्ली की हिटरची गरज नाही

जिन्सी नाला नं. २
आले आले. कुठलाही धागा असो, पोहे येणार

इंदूरकर
गजकवर (तिळगुळाच्या मिठाईवर) बोलू का मग

जिन्सी नाला नं. २
गजक मुरैन्याची, आम्ही फक्त खातो. हो, खरंच, तिळाने ऊब येते हो. आई रोज एक लाडू सक्तीने द्यायची. गुळाचा पाक माझा दरवेळी दगड होतो, कोणी सांगेल का कुठे चुकतं?

दौलतगंजची सून
पाण्यात थेंब टाकून बघ, मऊ गोळी झाली की लगेच उतरव. तू कडक होईपर्यंत थांबत असशील

ग्वाल्हेरचा जुना माणूस
धागा उशिरा पाहिला. आमच्याकडे तीन गोष्टी करतात. (१) दक्षिणेकडचे पडदे ११ ला उघडायचे आणि ४ च्या आत ओढायचे. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, ऊन थेट पलंगापर्यंत येतं. ४ नंतर पडदा उघडा राहिला की मिळवलेलं सगळं काचेतून जातं. (२) गाद्या, रजया रोज छतावर उन्हात. संध्याकाळी उचलल्या की पापडासारख्या गरम. (३) तिसरं विसरलो. आठवलं की लिहीन. तानसेन समारोहाला (गाण्याचा उत्सव) हजीऱ्याला, तानसेनच्या समाधीपाशी, मी रबरी पिशवीत गरम पाणी भरून कोटात घेऊन बसत असे. एकदा ती पहाटेच्या मैफलीत गळाली. पुढचं सांगत नाही.

कंपू ते कोथरूड
काका पुढचं सांगाच

ग्वाल्हेरचा जुना माणूस
विलंबित चालू होतं. उठून जाता येईना.

पाटणकर बाजार
मेलो हसून

सिटी सेंटर तिसरा मजला
गरम पाण्याच्या पिशवीवरून, विजेचं पांघरूण कोणी वापरतं का? आईसाठी घ्यायचं आहे, गुडघे दुखतात

रिटायर्ड जेई
घ्या. १०० वॅटचं धरलं तर रात्रभर ८ तासांत १ युनिटसुद्धा होत नाही. अंथरूण गरम झालं की बंद करायचं, म्हणजे अजून कमी. घडी करून वर बसू नका, आतली तार तुटते. आईंना मधुमेह असेल आणि पायाला चटका कळत नसेल तर मात्र डॉक्टरांना विचारून. आणि सगळ्यांनाच, २००० वॅटचा हिटर साध्या एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका, १६ अँपिअरचा मोठा प्लगच हवा.

मुरारचा
+१ आमचा बोर्ड वितळला होता. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यातून आणलेला, दिसायला सुंदर

कंपू ते कोथरूड
मेळ्यात गाडी घ्या, टॅक्सची सूट मिळते. गाडीत हिटर असतोच

लश्करवाली
किती दिवसांनी इतकी हसले. यंदा असं ठरवलंय: सासूबाई आणि मुलगा एकाच खोलीत, त्याचा अभ्यास आणि त्यांचा जप एकत्र. दोघांचीही कुरकुर चालू आहे. पंखेवाले दोन्ही माळ्यावर, एक लाल सळईवाला, तोही रात्री ८ ते १०. दाराला अजगर. मुलगा म्हणतो याला डोळे लाव, लावलेत, बटणांचे.

आणि तीन रजया पिंजायला काढल्यात. सात वर्षांत कापूस इतका बसला होता की नुसता जड, ऊब नाहीच. ठेलेवाला म्हणाला रुईमध्ये हवाच राहिली नाही तर गरम काय राहणार. मिशिगनवाला आणि तो एकच बोलतायत.

बडोद्याची माहेरवाशीण
ताई तो पिंजणारा परत कधी येणार? माझ्या दोन आहेत, एक लग्नातली

लश्करवाली
गुरुवारी, सकाळी १० ला. खोळी आधीच उसवून ठेव, त्याचे तो वेगळे पैसे घेतो.

ग्वाल्हेरचा जुना माणूस
(३) आठवलं. कानटोपी घालून झोपायचं.