मदत हवी आहे: १९९७ ची एमएक्स-५, क्लच पेडल बसतंय

मंडळी, इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला राहतो. गाडी माझदा एमएक्स-५, पहिली पिढी, १.८ इंजिन, उजवं स्टिअरिंग. घेऊन आठ महिने झाले, फार जीव आहे तिच्यावर.

सकाळी पहिल्यांदा क्लच दाबला की पेडल थेट खाली जातं. दोन-तीनदा पंप केलं की ठीक. पण सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून वीसेक सेकंद थांबलो की गाडी हळूच पुढे सरकायला लागते. रिव्हर्स टाकताना करकर होतेच.

आधी स्लेव्ह सिलिंडर (गिअरबॉक्सजवळचा, फ्लुइडच्या दाबाने क्लच सोडवणारा) गळत होता. त्याचा रबरी बूट (आवरण) उचलला तर आत काळं तेल साचलेलं. तो नवा टाकला, डॉट ४ फ्लुइड (ब्रेक-क्लचचं तेल) भरलं, दोनदा ब्लीड केलं (म्हणजे आतली हवा काढली), दुसऱ्या वेळी बुडबुडा एकही नाही. आता डबीतली पातळी जराही उतरत नाही. पेडलमागचा कार्पेटही कोरडा. क्लच प्लेट घसरत नाही, चढावर ओढते छान.

माझा संशय मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की फ्लुइडला दाब देतो तो) आतल्या सीलवर आहे. गॅरेजवाला म्हणतो, क्लचची रबरी होज (दोन सिलिंडरांमधली फ्लुइडची नळी) फुगत असेल, मास्टर आणि होज दोन्ही बदला. तेवढं बजेट या महिन्यात नाही. काम मीच घरासमोर करणार. जॅक आणि स्टँड आहेत, लिफ्ट नाही.

होज क्लॅम्पने दाबून पेडल तपासलं, तर दोष मास्टरचा की होजचा हे खात्रीने कळेल का? आणि इतकी जुनी होज दाबल्याने आतून फाटायची भीती कितपत?