विषय: गणेशोत्सवातील मुलांची भाषणे आणि रविवारचा मराठी वर्ग

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवातील मुलांच्या कार्यक्रमाची नावनोंदणी पुढच्या आठवड्यात सुरू होईल. त्याआधी, येथे ब्रिटनमध्ये वाढणाऱ्या मोठ्या मुलांना रविवारच्या वर्गात मराठी शिकवणारी शिक्षिका या नात्याने मी पालकांना एक विनंती करू इच्छिते, ती अशी की यंदा मुलांची भाषणे आपण लिहून देऊ नयेत.

गेल्या वर्षी लोकमान्य टिळकांवर बोलणारा अकरा वर्षांचा एक मुलगा ‘स्वराज्य हा माझा’ येथवर आला आणि पुढचा ‘जन्मसिद्ध’ हा शब्द त्याला आठवेना. बाजूने आईने शब्द सुचवला, पण तो त्याच्यापर्यंत पोहोचला नाही आणि मुलगा मान खाली घालून व्यासपीठावरून उतरला. पुढच्या रविवारी मी त्याचा कागद पाहिला. सबंध भाषण रोमन लिपीत लिहिलेले होते. ‘जन्मसिद्ध’ म्हणजे काय, असे विचारल्यावर त्याला सांगता आले नाही, आणि तो शब्द एकदा निसटल्यावर त्याला पुन्हा रुळावर आणील असे त्याच्यापाशी काही नव्हते. यात मुलाचा दोष नाही आणि त्याच्या आईचाही नाही. ही पद्धत आम्ही शिक्षकांनीच वर्षानुवर्षे चालू ठेवली आहे. रोमन लिपीत ‘वेळ’ आणि ‘वेल’ यांतला फरक पुसला जातो, ‘पण’ आणि ‘पान’ एकाच तऱ्हेने लिहिले जातात, त्यामुळे जी अक्षरे आम्ही वर्गात वर्षभर गिरवून घेतो, ती नेमकी व्यासपीठाच्या दिवशी निरुपयोगी ठरतात.

याच्या उलट अनुभव जानेवारीत आला. इंग्रजी शाळांमध्ये लहान मुले घरून एखादी वस्तू आणून वर्गाला तिची माहिती सांगतात. तोच प्रकार मी मराठीत करून पाहिला. एका मुलाने पणजीचा पितळी अडकित्ता आणला. तो हातोहात फिरला, ‘हे हत्यार आहे का’ आणि ‘सुपारी कुठल्या झाडाला लागते’ असे प्रश्न आले, आणि एरवी दोन शब्दांत उत्तर देणारा तो मुलगा पाच मिनिटे उभा राहून बोलला. नंतर आम्ही त्याचीच वाक्ये फळ्यावर लिहिली. त्याने वहीत ‘अडकीता’ असे लिहिले होते. जोडाक्षरातले दोन्ही ‘त’ ऐकू येईपर्यंत तो शब्द त्याने सावकाश म्हटला आणि मग स्वतःच दुरुस्त केला. बोलणे आधी, त्यातून लेखन, आणि स्वतः लिहिलेल्याचे मोठ्याने वाचन, या क्रमाने यंदाची तयारी व्हावी असे मला मनापासून वाटते.

आपली,
मोठ्या गटाची शिक्षिका

*

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

आपली कळकळ मला पूर्णपणे पटते, तरीही एका पालकाची अडचण आपल्यापुढे मांडणे मला आवश्यक वाटते. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. आम्ही घरी मराठीतच बोलतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते. तिला सगळे समजते, पण तोंडून मराठी निघत नाही. गेल्या वर्षी तिने जी कविता पाठ करून म्हटली, तेव्हा प्रथमच तिच्या तोंडून सलग, पूर्ण आणि शुद्ध मराठी वाक्ये आम्ही ऐकली. साताऱ्याला माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर ती कविता तिच्याकडून तीन वेळा म्हणून घेतली. त्या कवितेतला ‘हळूहळू’ हा शब्द ती आता रोजच्या बोलण्यात वापरते. पाठांतराने एवढे साधत असेल, तर ते सोडून का द्यावे?

मी स्वतः गावच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धांमध्ये बोललो, तो गुरुजींनी लिहून दिलेल्या भाषणांवर. निम्मे शब्द मला तेव्हा कळत नव्हते. ते पुढे कळले, पण वाक्य कोठे चढवावे आणि कोठे थांबावे हे त्या पाठांतरानेच माझ्या अंगी मुरले. शिवाय माझ्या मुलीला देवनागरी शिकू लागून एकच वर्ष झाले आहे. हातातला रोमन कागद काढून घेतला, तर ती व्यासपीठावर पाऊलच ठेवणार नाही, अशी मला भीती वाटते. अबोल मुलांसाठी आपण काय योजले आहे, ते कृपया कळवावे.

आपला,
लहान गटातील एका मुलीचा बाबा

*

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले. माझ्या पहिल्या पत्रात पाठांतर आणि भाषण यांची गल्लत झाली होती, ती आपण दाखवून दिलीत याबद्दल मी आभारी आहे. कविता, श्लोक आणि ओव्या पाठच कराव्यात. त्यांचा कार्यक्रम वेगळा राहील आणि आपल्या मुलीने त्यात अवश्य भाग घ्यावा. माझी हरकत केवळ मोठ्यांनी मोठ्यांच्या भाषेत लिहिलेल्या आणि मुलाचे म्हणून सादर होणाऱ्या भाषणाला आहे. आपल्यासारख्या ज्यांना मागाहून अर्थ कळला, त्यांच्या अवतीभवती दिवसभर मराठी होती. गुरुजींच्या भाषणातला अनोळखी शब्द आपल्याला पुढे बाजारात, वर्तमानपत्रात, कीर्तनात पुन्हा भेटला असेल. आपल्या मुलांना तो शब्द येथे दुसऱ्यांदा कोठे भेटणार?

जी मुले भाषण करू इच्छितात, त्यांनी पहिले आणि शेवटचे वाक्य पाठ करावे, म्हणजे आरंभाचा धीर मिळेल आणि शेवट अडखळणार नाही. मधल्या भागासाठी एका पुठ्ठ्यावर चार शब्दांचे टाचण असेल, देवनागरीत आणि मुलाच्याच अक्षरात. अडकित्त्याच्या भाषणाचे टाचण ‘पणजी, पितळ, सुपारी, आवाज’ एवढेच होते. एक वर्ष देवनागरी शिकलेल्या मुलीला चार शब्द निश्चित वाचता येतात. रोमन कागद घरच्या सरावासाठीही नको, ही माझी विनंती मात्र कायम आहे. पालकांनी हवे तर ठळक देवनागरीत लिहून द्यावे आणि शब्दावर बोट ठेवून मुलासोबत वाचावे.

वाचनाबाबत थोडे सविस्तर लिहिते, कारण घरच्या मदतीची सर्वांत अधिक गरज तेथेच आहे. आपण अक्षर शिकवताना ‘क’, ‘म’, ‘ळ’ असे सुटे आणि पूर्ण उच्चारतो, त्यामुळे मूल ‘कमळ’ वाचताना शेवटचा ‘अ’ लांबवते आणि त्याला ओळखीचा शब्दही ओळखू येत नाही. म्हणून गमभन झाल्यावर लगेच संपूर्ण शब्द आणि लहान वाक्ये घ्यावीत. आधी मोठ्यांनी वाचावे, मग दोघांनी मिळून, आणि शेवटी मुलाने एकट्याने. एकच पान तीन आठवडे वाचले तरी चालेल. उच्चारांत आणखी एक अडचण आहे. इंग्रजीत शब्दाच्या आरंभीचा ‘क’ श्वास सोडून उच्चारला जातो, त्यामुळे येथे वाढलेल्या मुलांना ‘काल’ आणि ‘खाल’ यांतला भेद सहज ऐकू येत नाही. तोंडासमोर तळहात धरून दोन्ही शब्द म्हणायला सांगावे: ‘खाल’ म्हणताना तळहाताला वारा जाणवतो, ‘काल’ म्हणताना तो जाणवू नये. ‘पाय’ आणि ‘ताट’ यांनाही हाच उपाय लागू पडतो. आपल्या मुलीला हा खेळ आवडेल, आणि त्यासाठी तिला एकही वाक्य बोलावे लागणार नाही.

लेखनात आम्ही महिन्याला एकच नियम घेणार आहोत. साहित्य महामंडळाच्या १९६२च्या शुद्धलेखन नियमांनुसार मराठी शब्दाच्या शेवटचा इकार आणि उकार दीर्घ लिहितात, जसे ‘पाणी’, ‘वस्तू’, ‘कवी’. ‘आणि’ व ‘नि’ हे त्याला अपवाद आहेत. त्या महिन्यात वहीतल्या तेवढ्याच चुका दुरुस्त होतील, बाकीच्यांना लाल शाई लागणार नाही. ब्रिटनमध्ये बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू या भाषा सोळाव्या वर्षाच्या शालान्त परीक्षेसाठी घेता येतात, मराठी घेता येत नाही. याचे मला वाईट वाटते, परंतु त्यामुळे अभ्यासक्रम उरकण्याची घाई आपल्यामागे नाही, आणि एका नियमाला एक महिना देणे आपल्याला परवडते.

येत्या रविवारी प्रत्येक मुलाने घरातली एक वस्तू आणावी. ती जुनी किंवा मौल्यवान असण्याची गरज नाही; लाटणे चालेल, चहाचे गाळणे चालेल. आपल्या मुलीला बोलायचे नसेल, तर तिने वस्तू केवळ टेबलावर ठेवावी. प्रश्न इतर मुले विचारतील, आणि तिने एका शब्दात उत्तर दिले तरी तो शब्द मी फळ्यावर लिहीन. आजीकडची एखादी वस्तू घरी असेल, तर तीच द्यावी, आणि आदल्या दिवशी त्या वस्तूविषयी तिचे साताऱ्याशी बोलणे करून द्यावे.

आपली,
मोठ्या गटाची शिक्षिका